‘बेलिंगहॅमनं सोळाव्या वर्षी शाळा सोडली, मग मी बारावी कशाला करू?’

कोल्हापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा यंदा दहावीत, शाळेच्या फुटबॉल संघात मिडफिल्डर म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, संध्याकाळी पेठेतल्या तालमीच्या मोठ्या पोरांबरोबर सराव. खोलीत इंग्लंडचा फुटबॉलपटू ज्यूड बेलिंगहॅम याचं पोस्टर. ‘तो सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या संघात खेळला, सतराव्या वर्षी जर्मनीला गेला. मी बारावी करत बसलो तर वय निघून जाईल,’ असं मुलाचं म्हणणं. त्यातच ‘इंग्लंडच्या क्लबमध्ये ट्रायल लावून देतो’ म्हणणारे एक गृहस्थ साडेचार लाख मागताहेत. वडील विचारतात, शिक्षण थांबवून हे पैसे भरावेत का?

सप्रेम नमस्कार,

पैसे भरू नका. हे आधी सांगतो, कारण टोकन याच शनिवारी द्यायचं आहे असं तुम्ही लिहिलंय. बाकीचं सावकाश वाचा, आणि वाचून झाल्यावर मुलाच्या हातात द्या.

बेलिंगहॅमची गोष्ट मुलगा अर्धीच सांगतोय. सोळाव्या वर्षी त्याची शाळा संपली हे खरं, कारण तिकडे शाळा त्याच वयात संपते. पण इंग्लंडमध्ये अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहावंच लागतं. क्लबच्या अकादमीत सोळाव्या वर्षी जी ‘स्कॉलरशिप’ मिळते, तिच्यात अभ्यास धरलेलाच असतो. बेलिंगहॅमनंही बर्मिंगहॅम सिटीकडून खेळता खेळता क्रीडा विषयातला दोन वर्षांचा बीटेक अभ्यासक्रम घेतला होता. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या बीटेकशी याचा संबंध नाही. आपल्या अकरावी-बारावीच्या जागी धरता येईल असा तो व्यावसायिक अभ्यासक्रम आहे. म्हणजे तुमचा मुलगा जे टाळू पाहतोय, तेच त्याचा हिरो करत होता.

आता खेळाचं. ज्यूडचा जन्म 29 जून 2003 चा, बर्मिंगहॅमजवळच्या स्टाऊरब्रिजचा. वडील मार्क पोलिस खात्यात सार्जंट होते आणि नोकरी सांभाळून खालच्या लीगमध्ये खेळायचे. तिथे त्यांनी शेकडो गोल केले, पण घर चाललं ते पोलिसाच्या पगारावर. ज्यूड आठ वर्षांखालच्या गटात असताना बर्मिंगहॅम सिटीत आला आणि सतरा वर्षांचा होईपर्यंत तिथेच राहिला. घरापासून जवळचा, दुसऱ्या श्रेणीत धडपडणारा क्लब. चौदाव्या वर्षी तो अठरा वर्षांखालच्या संघात खेळला, पंधराव्या वर्षी तेवीस वर्षांखालच्या. मग 6 ऑगस्ट 2019 ला लीग कपमध्ये पोर्ट्समथविरुद्ध मुख्य संघात उतरला, तेव्हा त्याचं वय होतं 16 वर्षं 38 दिवस. क्लबच्या मुख्य संघाकडून सर्वांत लहान वयात खेळण्याचा ट्रेव्हर फ्रान्सिस यांचा 1970 पासूनचा विक्रम त्यानं मोडला. त्या हंगामात तो 44 सामने खेळला. गोल किती? चार. मुलाला मुद्दाम विचारा, त्याला हा आकडा माहीत आहे का. रील्समध्ये गोल दिसतात. डाव्या बगलेला खेळवलं तर तिथे, मध्ये खेळवलं तर मध्ये, पावसाळी संध्याकाळी नव्वद मिनिटं मागे-पुढे धावणारा सोळा वर्षांचा पोरगा दिसत नाही.

बर्मिंगहॅममधल्या त्याच्या 22 नंबरच्या जर्सीचं कारण मात्र मुलाला नक्की सांगा. फुटबॉलमध्ये 4 नंबर म्हणजे बचावफळीच्या पुढे उभं राहून चेंडू हिसकावणारा, 8 म्हणजे दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या मध्ये राबणारा आणि 10 म्हणजे स्ट्रायकरच्या मागून डाव रचणारा. ज्यूडला वाटायचं आपण दहा नंबरवाले. अकादमीतले त्याचे प्रशिक्षक माइक डॉड्स यांनी त्याला पटवलं की तू ही तिन्ही कामं करू शकतोस. चार, आठ आणि दहा मिळून बावीस. तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘सर त्याला कधी कधी मागे खेळवतात म्हणून तो रुसतो.’ सरांना माझा नमस्कार सांगा. चौदा-पंधराव्या वर्षी मुलाला एकाच जागेवर बांधून न ठेवणारा प्रशिक्षक मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तो तुम्हाला घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळालाय.

2020 मध्ये मँचेस्टर युनायटेडनं ज्यूडला बोलावून आपलं प्रशिक्षण केंद्र दाखवलं, त्या क्लबचे नामवंत माजी व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन दस्तुरखुद्द भेटले. तरी कुटुंबानं निवडला जर्मनीतला बोरुसिया डॉर्टमंड, कारण तरुण पोरांना मैदानात उतरवण्याबद्दल तो क्लब ओळखला जातो. आई डेनिस त्याच्याबरोबर जर्मनीत राहायला गेली, वडील धाकट्या मुलासाठी, जोबसाठी, इंग्लंडमध्ये थांबले. सप्टेंबर 2020 मध्ये डॉर्टमंडकडून पहिल्याच सामन्यात, ड्युइसबुर्गविरुद्ध, त्यानं गोल केला. नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या संघात आला. 2023 मध्ये रिआल माद्रिदनं त्याला दहा कोटी युरोंहून अधिक मोजून नेलं, हे तुमच्या मुलाला माझ्याहून जास्त तपशिलात पाठ असणार.

तरी या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट एका नियमात आहे, आणि ती त्या एजंट गृहस्थांनी तुम्हाला सांगितलेली नाही. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाता येत नाही. मोजके अपवाद आहेत. आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले, तर एक. युरोपीय संघातल्या देशांदरम्यान सोळा ते अठरा वयात, हा दुसरा. बेलिंगहॅम गेला तो या दुसऱ्या दारानं. ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघ सोडण्याची, संक्रमण मुदत 31 डिसेंबर 2020 ला संपली, आणि तो जुलैमध्येच निघून गेला होता. आज बर्मिंगहॅमच्या एखाद्या सतरा वर्षांच्या पोराकडे युरोपीय पासपोर्ट नसेल, तर त्यालाही या वाटेनं डॉर्टमंडला जाता येणार नाही. जो रस्ता आता खुद्द इंग्लंडच्या मुलांना बंद आहे, तो कोल्हापूरच्या मुलाला साडेचार लाखांत कोण उघडून देणार?

अठरानंतरही सोपं नाही. इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला गुणांवर आधारित मंजुरी लागते. त्यात खेळाडूच्या देशाचं फिफा क्रमवारीतलं स्थान आणि तो आधी कोणत्या दर्जाच्या लीगमध्ये खेळलाय, हे बघतात. आपला देश शंभराच्या बाहेर. ट्रायल चांगली दिली तरी हे गुण वाढत नाहीत.

एक उदाहरण आपल्या मातीतलं. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधला क्लब 2010 पासून पुण्याच्या ‘वेंकीज’च्या मालकीचा आहे. त्याच क्लबच्या अकादमीतून ॲडम व्हार्टन हा मिडफिल्डर तयार झाला. तो ब्लॅकबर्नचाच मुलगा, लहानपणापासून तिथेच. दीडेक हंगाम दुसऱ्या श्रेणीत घासून 2024 मध्ये क्रिस्टल पॅलेसला गेला आणि काही महिन्यांत युरो स्पर्धेसाठीच्या इंग्लंडच्या संघात होता. आणि तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव? 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला हा पोरगा 2019 मध्ये याच ब्लॅकबर्नला काही काळ प्रशिक्षणासाठी गेला, तेही अठरा ओलांडल्यावर. परत येऊन त्यानं आपल्याकडच्या व्यावसायिक क्लबांकडूनच कारकीर्द केली. क्लबचे मालक पुण्याचे असूनही नियम तेच राहिले. अनिकेतची वाट मात्र तुमच्या मुलाला खुली आहे.

तर मग दहावीनंतर काय? फुटबॉलचा संघ गंभीरपणे चालवणारं कॉलेज शोधा आणि अकरावीला प्रवेश घ्या. शाखा निवडताना एकच गोष्ट तपासा. खेळाडू म्हणून जमलं नाही तर खेळातच राहायचं असं मुलगा म्हणाला, आणि त्यात फिजिओथेरपीचा विचार असेल, तर बारावीला जीवशास्त्र लागतं. प्रशिक्षक व्हायचं असेल तर तशी अट नाही. कला किंवा वाणिज्य घेतलं तर सकाळ-संध्याकाळ सरावाला मोकळी राहते. नियमित कॉलेज अगदीच झेपलं नाही तर 17 नंबरचा फॉर्म भरून बारावी बाहेरून देता येते, पण सुरुवात तिथून करू नका.

शालेय स्पर्धांमध्ये जिल्हा, विभाग, राज्य जिथपर्यंत पोचेल तिथली प्रमाणपत्रं जपून ठेवा. क्रीडा गुण, कॉलेजचा खेळाडू कोटा आणि पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, सगळीकडे तीच विचारतात. जन्मदाखल्यावरची तारीख आणि आधारवरची तारीख एकच आहे ना, हे आजच बघा. वयोगटाच्या स्पर्धांत हाडांची चाचणी होते आणि कागदात घोळ असला की निर्दोष मुलगाही अडकतो. पुण्या-मुंबईच्या क्लबांच्या वयोगट संघांच्या निवड चाचण्या लागतात, त्यांना सरांच्या सल्ल्यानं पाठवा. निवासी अकादमी बहुतेक याहून लहान मुलं घेतात, तेव्हा तिथे नाव लागलं नाही तर त्याचा अर्थ खेळ कच्चा असा लावू नका.

राहिले ते एजंट. शनिवारी त्यांचा फोन आला तर त्यांना दोनच गोष्टी लेखी मागा. पहिली, फिफाचा परवाना क्रमांक. 2023 पासून परवाना परीक्षा देऊनच मिळतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. दुसरी, क्लबचं नाव आणि तिथल्या अकादमीचा अधिकृत ईमेल, म्हणजे तुम्ही थेट विचारू शकाल. अल्पवयीन खेळाडूबद्दल एजंटाला मोबदला मिळतो तो व्यावसायिक करार झाल्यावर, त्याआधी घेण्याची मुभा फिफा देत नाही. हे वाक्य त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि काय उत्तर येतं ते मला कळवा.