आलं खरंच औषधी आहे का? रोज किती घ्यावं?

सर्दीपासून गुडघेदुखीपर्यंत सगळ्यावर आलं चालतं का, असं तुम्ही विचारलंय. सुंठीला संस्कृतात 'विश्वभेषज' म्हणतात, म्हणजे सगळ्यावरचं औषध. मी तितकं म्हणणार नाही. पण मळमळीवर आलं चालतं, हे अनुभवाने सांगते.

गरोदरपणी तिसऱ्या महिन्यात मला घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. डॉक्टरांना विचारून सुंठपूड सुरू केली. दिवसभरात मिळून १ ग्रॅम, तीही चार वेळा विभागून. उलट्या थांबल्या नाहीत, पण दिवसभर पोटात ढवळत राहायचं ते चार-पाच दिवसांत पुष्कळ कमी झालं. पुढे वाचताना कळलं की गरोदरपणातल्या मळमळीवरच्या चाचण्यांत साधारण हेच प्रमाण वापरतात आणि निष्कर्षही तोच निघतो: मळमळ कमी होते, उलट्यांच्या संख्येत मात्र फारसा फरक पडत नाही.

आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल नावाच्या घटकांमुळे असतो. आलं वाळवलं की त्यातल्या बऱ्याच जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते आणखी तिखट असतं. हे घटक उलटीची जाणीव देणाऱ्या सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनाच्या एका ग्राहीला (म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या पेशीवरच्या जागेला) अडवतात, शिवाय पोट लवकर रिकामं व्हायला मदत करतात. म्हणून सुंठ आणि ओलं आलं एकाच मापाने घेऊ नका. ओल्या आल्यात बहुतांश पाणीच असतं, चमचाभर किस म्हणजे चमचाभर सुंठ नव्हे.

पाळीच्या दुखण्यावर पहिले दोन-तीन दिवस सुंठ घेतली तर बऱ्याच जणींना आराम पडतो, त्यावरही चाचण्या झाल्या आहेत. गुडघ्यांच्या झिजेत मिळाला तर थोडाच आराम मिळतो. तेवढ्यावर चालू औषध बंद करू नका. सर्दीत घशाला बरं वाटतं, पण सर्दी त्याने लवकर जाते असं मानू नका. गाडी लागण्यावरचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, करून बघायला हरकत नाही.

आता प्रमाण. सुंठ दिवसाला १ ग्रॅमपासून सुरू करा, ४ ग्रॅमच्या वर जाऊ नका. जास्त झाली की छातीत जळजळ होते, पित्ताचा त्रास असणाऱ्यांना तर लवकरच. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय औषध म्हणून घेऊच नका. स्वयंपाकात चवीपुरतं पडतं, त्याची काळजी नको.

आणि तुम्ही हे गरोदरपणातल्या उलट्यांसाठी विचारत असाल, तर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, वजन घटत असेल तेव्हा सुंठीवर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.