वाचक विचारतात : काटा १,९०० फुटांवर, विमान मात्र जमिनीवर

प्रश्न : ताई, मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो, वय ६६. दिवाळीत नातवाने संगणकावर मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर (विमान उडवण्याचा खेळ) लावून दिलं. पुण्याहून सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन उडतो. उडणं जमतं, उतरताना रोज आपटतो. व्हिडिओत सांगतात, ‘१,००० फुटांवर या, मग उतरायला लागा.’ मी १,००० पर्यंत येण्याआधीच जमिनीवर आदळतो. शिवाय विमान उभं असतानाही उंचीचा काटा १,९०० च्या पुढे! प्रोग्रॅम बिघडला आहे का? मला एकदा आमच्या वाईवरून उडायचं आहे.
— एक वाचक, वाई, जि. सातारा

उत्तर : काका, काहीही बिघडलेलं नाही. तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण पहिल्या महिन्यात मीही याच जागी अडकले होते आणि सांगायला कोणी नव्हतं.

अल्टिमीटर, म्हणजे तो उंचीचा काटा, पायाखालच्या जमिनीपासूनची उंची दाखवत नाही, समुद्रसपाटीपासूनची दाखवतो. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,९४० फूट उंच आहे. जुहूच्या धावपट्टीवर हाच काटा शून्याच्या आसपास असतो. व्हिडिओवाल्याचा विमानतळ समुद्राकाठचा असणार. त्याचे १,००० फूट म्हणजे पुण्यात जमिनीच्या पोटात! तेव्हा त्याच्या आकड्यात १,९४० मिळवा. पुण्यात उतरण्याआधीची तुमची उंची झाली साधारण ३,००० फूट.

उडण्याआधी कीबोर्डवरचं ‘बी’ दाबायची सवय लावा. त्याने अल्टिमीटर त्या दिवसाच्या हवेच्या दाबाशी जुळतो. खरा दाब १,००३ मिलिबार आणि काटा १,०१३ वर ठेवलेला, असं झालं तर आहात त्यापेक्षा जवळपास पावणेतीनशे फूट उंच दिसता. पावसाळ्यात, ढगांत, एवढा फरक महागात पडतो.

आता उतरणं. धावपट्टी समोर सरळ रेषेत, तीन सागरी मैलांवर, काटा ३,००० वर. तिथून दर मैलाला ३०० फूट सोडायचे. वेग ६५ नॉट, म्हणजे तासाला ६५ सागरी मैल. या वेगाला मिनिटाला साधारण साडेतीनशे फूट खाली यायला हवं. तुम्ही आपटता त्याचं दुसरं कारण मला असं वाटतं, की जमीन जवळ दिसली की तुम्ही नाक वर ओढता. सगळेच ओढतात. पण इंजिन मंद असताना नाक वर केलं की वेग मरतो आणि विमान दगडासारखं बसतं. नाकाने वेग सांभाळायचा, थ्रॉटलने (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याने) उंची. खाली जातोय असं वाटलं तर आधी थ्रॉटल थोडं पुढे. धावपट्टीच्या कडेला चार दिवे दिसतील : दोन पांढरे, दोन लाल म्हणजे बरोबर; चारही लाल म्हणजे फार खाली आलात. तसं झालं तर संकोच न करता पूर्ण ताकद देऊन वर जा आणि पुन्हा फेरी मारा. खरे वैमानिकही हेच करतात.

बाणांच्या कळांनी उडवत असाल तर एक साधी जॉयस्टिक घ्या, मूठ डावी-उजवीकडे फिरणारी. त्याने रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं पातं, चालतं. माझ्या मते पैसे खर्च करायचेच तर इथे करा, महागड्या विमानांवर नको. आणि जमिनीची चित्रं उडता उडता इंटरनेटवरून येतात, तेव्हा मोबाइलच्या डेटावर चालवू नका, दिवसाचा पॅक बघता बघता संपेल.

तुमच्या वाईची वाट मी परवा स्वतः उडून पाहिली. लोहगावहून जवळपास सरळ दक्षिणेला, सुमारे ७० किलोमीटर. सेसनाला वीस-पंचवीस मिनिटं. डाव्या हाताला पुरंदर दिसेल, मग नीरा नदी. त्यानंतर मात्र सावध राहा. वाईच्या अलीकडे, ऐन वाटेत, मांढरदेवचा डोंगर उभा आहे, साधारण ४,६५० फुटांचा. व्हिडिओतल्या हिशोबाने उडालात तर काळूबाईच्या डोंगरात शिराल. उड्डाणानंतर ६,५०० फूट गाठा आणि डोंगर मागे पडेपर्यंत तिथेच राहा.

गणपती घाट मात्र ओळखू येईल याची आशा धरू नका. लहान गावांतली घरं-देवळं संगणक अंदाजाने उभी करतो. ढोल्या गणपतीच्या जागी भलतंच काही दिसलं तर मनाला लावून घेऊ नका. कृष्णेचं वळण शोधा, आणि पश्चिमेला धोम धरणाचं पाणी. मी संध्याकाळी साडेपाचची वेळ लावली होती. पाचगणीच्या कड्यावर ऊन आणि खाली खोऱ्यात सावली पडली होती. मी तीन चकरा मारल्या.

पुण्याला परतताना ३,००० विसरू नका. पहिलं नीट उतरणं झालं की मला जरूर कळवा.