वाचकांचे प्रश्न : जाळ्यात किती आले आणि पाण्यात किती उरले

प्रश्न : माशाची एकेक मादी लाखो अंडी घालते आणि समुद्र तर अथांग आहे. मग माणसाने कितीही पकडले तरी मासा संपेल कसा?

उत्तर : आपली शंका जुनी आहे आणि ती मोठ्या विद्वानांनाही पडलेली आहे. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सले या नामवंत जीवशास्त्रज्ञाने कॉड, हेरिंग, मॅकरेल यांची सागरी मासेमारी अक्षय असल्याचे मत मांडले होते. मात्र ते मांडताना त्याने ‘सध्याच्या मासेमारीच्या पद्धती पाहता’ अशी पुस्तीही जोडली होती. मत लोकांच्या लक्षात राहिले, पुस्ती विसरली गेली आणि पद्धती तर पार बदलल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पकडलेला मासा जागच्या जागी गोठवणारी अजस्र जहाजे आली आणि पाण्याखालचा थवा ध्वनिलहरींनी हुडकणारी यंत्रे आली. अंडी लाखोंनी असली तरी त्यांतली बहुतेक सगळी पहिल्या काही आठवड्यांतच नष्ट होतात. साठा टिकतो तो जगून-वाचून वयात आलेल्या माशांवर.

कॅनडाच्या न्यूफाउंडलँड बेटालगतच्या कॉडची कहाणी या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. १९६८ साली तिथे आठ लाख टनांहून अधिक कॉड पकडला गेला. १९९२ च्या जुलैमध्ये सरकारला ही मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार गेला. बंदी उठून मर्यादित व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू झाली ती २०२४ साली, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षांनी. या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब अशी की, ऱ्हास चालू असतानाही जहाजांना मासा मिळतच होता. संख्या घटत जाते तसतसे उरलेले कॉड मोजक्या जागी दाटीने जमतात, त्या जागा यंत्रे अचूक शोधून देतात, आणि त्यामुळे एका फेरीत हाती लागणारा मासा अखेरपर्यंत फारसा घटत नाही. शास्त्रज्ञांच्या अंदाजांनीही व्यापारी जहाजांच्या या आकड्यांवर बरीच भिस्त ठेवली होती, म्हणून समुद्रात प्रत्यक्ष होता त्यापेक्षा अधिक मासा आहे असे कागदावर दिसत राहिले. भरलेले जाळे हा भरलेल्या समुद्राचा पुरावा होत नाही.

प्रश्न : पिल्ले सोडून देऊन फक्त मोठेच मासे पकडले, तर एवढ्याने भागणार नाही का?

उत्तर : निम्मे भागेल. माशाला निदान एकदा तरी वीण घालू द्यावी, हा विचार बरोबर आहे. पण तो अमलात आणण्याची जागा जहाजाचा डेक नव्हे. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या माशाचा वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, दाब कमी होताच फुगतो, आणि असा मासा परत पाण्यात टाकला तरी अनेकदा मरतो. म्हणून लहान मासा पाण्याखालीच जाळ्यातून निसटला पाहिजे. नेहमीच्या जाळ्याचे आस, म्हणजे विणीतली भोके, शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात आणि जाळे ओढले जाऊ लागले की ताणाने ते मिटतात, त्यामुळे आस मोठा ठेवूनही पिल्ले आत अडकतात. जाळ्याच्या टोकाच्या भागात चौकोनी आस वापरले, तर ताण पडला तरी ते उघडे राहतात. खर्चाच्या मानाने याहून उपयोगी सुधारणा क्वचितच सापडेल.

उरलेले निम्मे मोठ्या माशांविषयी आहे. मादीचे वजन दुप्पट झाले की अंडी दुप्पट होतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती त्याहून अधिक वाढतात. अटलांटिक कॉडची तीस किलोची एक मादी जितकी अंडी घालते, तितकी दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्या मिळूनही घालत नाहीत, जरी त्या अठ्ठावीस जणींचे एकत्रित वजन छप्पन किलो भरत असले तरी. तेव्हा सर्वांत मोठे मासे वेचून काढणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळायला नेणे होय. अमेरिकेतल्या मेन राज्यात शेवंडांच्या (लॉब्स्टरच्या) बाबतीत हे फार पूर्वी ओळखले गेले. तिथे ठरावीक मापाहून लहान आणि ठरावीक मापाहून मोठी, अशी दोन्ही शेवंडे सोडावी लागतात, आणि अंडी धरलेल्या मादीच्या शेपटीला खाच पाडून तिला परत समुद्रात सोडतात, म्हणजे पुढे ती अंड्यांविना सापडली तरी कोणी ठेवून घेत नाही.

प्रश्न : विणीच्या हंगामात बंदी असतेच. मग समुद्राचे काही भाग कायमचे बंद ठेवून मच्छीमारांच्या पोटावर पाय का द्यावा?

उत्तर : हंगामी बंदीने वीण वाचते, पण बंदी उठताच तेच मासे पकडले गेले तर म्हातारी, मोठी मादी तयार होणार कधी? न्यूझीलंडमध्ये ली येथे १९७५ साली किनाऱ्यालगतचा लहानसा पट्टा राखीव झाला. तिथे स्नॅपर मासे आणि शेवंडे वाढली, त्यांनी समुद्री साळिंदरांची, म्हणजे तळाशी राहणाऱ्या गोल काटेरी जीवांची, संख्या आटोक्यात आणली, आणि साळिंदरांनी खाऊन उजाड केलेल्या खडकांवर केल्प नावाच्या मोठ्या शेवाळाचे रान पुन्हा उभे राहिले. मेक्सिकोत काबो पुल्मो येथे १९९५ पासून संरक्षण आहे. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचे एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढले. तिथे स्थानिक मच्छीमार कुटुंबांनीच पुढाकार घेतला होता, ही गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाची आहे. लोकांना डावलून आखलेली राखीव क्षेत्रे बहुधा नकाशावरच राहतात.

महासागर पालथे घालणाऱ्या ट्यूनासारख्या माशांना मात्र अशा पट्ट्यांचा उपयोग बेताचाच. त्यांच्यासाठी सर्व देशांनी मिळून वार्षिक मर्यादा ठरवावी लागते. अटलांटिकमधल्या ब्लूफिन ट्यूनाच्या बाबतीत मर्यादा कठोरपणे कमी केल्यावर साठा सावरला, आणि संकटग्रस्त गणली जाणारी ही जात २०२१ मध्ये त्या वर्गातून बाहेर आली.

प्रश्न : मत्स्यशेतीतला मासा खाल्ल्याने समुद्रावरचा भार कमी होतो का?

उत्तर : तो मासा काय खातो, यावर ते अवलंबून आहे. शिंपले आणि कालवे पाण्यातलेच सूक्ष्म अन्न गाळून घेतात, त्यांना बाहेरून खाद्य लागत नाही. सामनसारख्या मांसाहारी माशाच्या खाद्यात मात्र समुद्रातून पकडलेल्या लहान माशांची भुकटी आणि तेल असते.

प्रश्न : एकट्या ग्राहकाने काही फरक पडतो का?

उत्तर : थोडा पडतो, सरकारी तिजोरीने त्याहून पुष्कळ पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२५ च्या आढाव्यानुसार जगातल्या ३५.५ टक्के साठ्यांतून प्रमाणाबाहेर मासेमारी होते. १९७४ मध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. एरवी तोट्यात गेल्यामुळे बंदरातच राहिली असती अशी अनेक जहाजे इंधनावरच्या अनुदानामुळे दूरच्या समुद्रात जातात. जागतिक व्यापार संघटनेचा १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला करार बेकायदा मासेमारीला आणि आधीच खालावलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला मिळणारे अनुदान रोखतो. ताफ्यांची क्षमता फुगवणाऱ्या अनुदानांचा प्रश्न त्यात सुटलेला नाही. ग्राहक म्हणून आपण जात कोणती, ती कुठे पकडली आणि कोणत्या जाळ्याने, एवढे विचारावे. विक्रेत्याला पहिल्या खेपेस उत्तर देता येणार नाही, पण दहा जणांनी विचारले तर तोही आपल्या पुरवठादाराला विचारू लागेल.