रक्त काढल्यानंतरचे दोन तास

अल्झायमरच्या रक्तचाचणीचं मशीन शिकायची घाई करू नकोस. बरेच आकडे नमुना मशीनपर्यंत पोचण्याआधीच बिघडतात. जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळी खुणेपर्यंत भरू दे, ८-१० वेळा हलकेच उलटीसुलटी कर. झटके दिलेस तर लाल पेशी फुटतात. मग २ तासांच्या आत सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र): १८०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १८०० पट जोर, १० मिनिटं. आरपीएमचा (मिनिटाला किती फेऱ्या) आकडा दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नकोस, रोटर (नळ्या धरणारा फिरता भाग) बदलला की जोर बदलतो. उशीर झाला की अल्झायमरसाठी मोजायची प्रथिनं, अमायलॉइड-बीटा ४२ आणि ४०, घटतात. पी-टाऊ हे दुसरं प्रथिन त्या मानाने टिकाऊ, त्यामुळे चूक लगेच लक्षातही येत नाही. आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून नमुने? अजिबात नाही.

वर साठलेला पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकच्याच नळ्यांत, पाव-पाव मिलिलिटर, उणे ८० अंशांवर. अमायलॉइड काचेला चिकटतं. पेशींजवळचा थर सोडून दे. चाचणीच्या दिवशी वितळवून पुन्हा १०,००० जीवर ५ मिनिटं फिरव, नाहीतर फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) धागे पिपेटच्या टोकात अडकतात.

फॉर्मवर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) हवंच. मूत्रपिंड मंदावलं की पी-टाऊ आणि एनएफएल (चेतापेशींची इजा दाखवणारं प्रथिन) दोन्ही वाढलेले दिसतात, आणि स्मरणशक्ती शाबूत असलेले आजोबा रुग्णांच्या गटात जाऊन बसतात.