खोक्यावरचा पीएसआय बघून पंप ठरवू नका

गाडीच्या टायरला ३३ आणि ट्रेलरच्या टायरला ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते, तर '१५० पीएसआय' लिहिलेला छोटा पंप चालेल का, असं तुम्ही विचारलंय. गाडीपुरता चालेल. ट्रेलरसाठी मी तरी घेणार नाही.

१५० म्हणजे पंप जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो, एवढंच. तिथवर जायला किती वेळ लागेल, ते त्यात नसतं. त्यासाठी मिनिटाला किती लिटर हवा, ते बघा. पण हा आकडाही बहुधा नळी मोकळी असतानाचा असतो. टायरमधला दाब वाढत जातो तसा प्रवाह कमी होतो, म्हणून ६० पीएसआयच्या आसपास किती हवा येते हे माहितीपत्रकात शोधा. ते दिलंच नसेल तर तो पंप मी सोडून देतो.

तितकंच महत्त्वाचं म्हणजे सलग किती वेळ चालतो. ड्यूटी सायकल, म्हणजे एकूण वेळेपैकी पंप चालू ठेवता येतो तो वाटा, २५ टक्के असेल तर १० मिनिटं चालवल्यावर ३० मिनिटं थंड होऊ द्यायचा. ट्रेलरची चार चाकं अशी भरायची तर अर्धा दिवस गेला! शिवाय ही टक्केवारी कोणत्या दाबाला मोजलीय तेही वाचा; ४० ला मोजलेली ६५ ला लागू पडत नाही.

छोटे पंप गाडीतल्या ज्या लायटर सॉकेटवर चालतात, त्याचा फ्यूज १५ अँपिअरचा असला तर १२ व्होल्टला जेमतेम १८० वॅट मिळतात. ट्रेलरसाठी थेट बॅटरीला चिमटे लावायचा पंपच घ्या आणि इंजिन चालू ठेवा, पण उघड्यावरच. मागच्या चाकापर्यंत पोचायला वायर लांबवू नका, हवेची नळी लांब घ्या. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते.

रिचार्जेबल पंप दोन-चार पीएसआय वाढवायला छान आहेत, त्याहून जास्त अपेक्षा नको.

हवा टायर थंड असतानाच तपासा. चालवून गरम झालेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडून दिली तर थंड झाल्यावर ती कमी पडते. कमी हवेवर ओझं वाहणारा टायर आतून तापतो आणि ट्रेलरचा टायर फुटायचं ते एक मोठं कारण आहे. त्यामुळे पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, वेगळा गेज ठेवाच. आणि नळीचं पितळी टोक भरून झाल्यावर चटका बसेल इतकं तापतं, हातमोजा घालून काढा.