पॅनल अपडेट झालं? आधी हे बघ

होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलला, म्हणजे जिथून आपण साइट सांभाळतो त्याला, अपडेट आल्यावर सगळे आधी नवा डॅशबोर्ड चाळत बसतात. तू तसं करू नकोस. पहिलं काम म्हणजे टू-फॅक्टर, म्हणजे लॉगिनला पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोडही मागणं, चालू करणं. सीपॅनल, प्लेस्क, डायरेक्टॲडमिन या तिन्ही पॅनलांत ती सोय आहे. मोबाइलवरचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, त्यामुळे नुसता पासवर्ड फुटून कुणाला आत शिरता येत नाही. सेटअप करताना क्यूआर कोडबरोबर जी गुप्त की (अक्षरांची ओळ) दिसते, ती कागदावर उतरवून जपून ठेव. फोन हरवला तर तीच उपयोगी पडते.

मग पीएचपी, म्हणजे साइट ज्या भाषेवर चालते ती. इथे नवीन लोक हमखास फसतात. पॅनल नवं झालं म्हणून साइटची पीएचपी आपोआप नवी होत नाही. सीपॅनलमध्ये मल्टीपीएचपी मॅनेजर उघड आणि प्रत्येक डोमेनसमोरचा आवृत्तीचा आकडा वाच. ७.४ दिसलं तर जास्त दिवस थांबू नकोस, त्याच्या अधिकृत सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच संपल्या. पण चालू साइटवर थेट बदल नको. मी एकदा घाईनं बदलली आणि जुन्या प्लगइनमुळे कोरं पांढरं पान आलं. कारण सापडेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. सबडोमेनवर (त्याच डोमेनखालच्या वेगळ्या पत्त्यावर) साइटची कॉपी कर, तिथे आवृत्ती बदल आणि एरर लॉग (चुकांची नोंद) बघत एकेक पान उघड.

एसएसएल, म्हणजे साइटला https देणारं प्रमाणपत्र, बहुतेक वेळा आपोआप रिन्यू होतं, तारखेवर नजर ठेवलीस तरी पुरे. फाइल्स चढवायला एफटीपीऐवजी त्याचा सुरक्षित पर्याय एसएफटीपी वापर.

आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नकोस. महिन्यातून एकदा तो रिस्टोअर करूनही बघ.