लायसन्स मिळून चारच महिने झालेत, पहिली गाडी ऑक्टाविया आरएस घेऊ का?

तुझं वय 19, लायसन्स चार महिन्यांपूर्वीचं, आणि बाबा सेकंडहँड आरएस 230, म्हणजे स्कोडा ऑक्टावियाचं 230 पीएसचं (हॉर्सपॉवरचं) वेगवान मॉडेल, घेऊन द्यायला तयार आहेत, तर घेऊ का असं तू विचारलंयस. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतोय. माझं स्पष्ट मत, आत्ता नको. दोनेक वर्षं थांब, मग खुशाल घे, गाडी भारीच आहे.

मी पुण्यात मोटर इन्शुरन्सचा सर्व्हेयर आहे, ठोकलेल्या गाड्या बघणं हेच काम. गाडी समोर आली की मी पुढचे बेल्ट ओढून बघतो, कारण जोरात धडक बसली की प्रीटेन्शनर (बेल्ट झटक्यात घट्ट ओढणारा भाग) फुटतो आणि बेल्ट आहे तिथेच जाम होतो. लांब ओढलेला जाम असेल तर लावलेला होता, दाराजवळच्या खांबाला (पिलरला) घट्ट चिकटून बसला असेल तर नव्हता. आणि मागच्या बेल्टची बक्कल बऱ्याचदा सीटखाली ढकललेली सापडतात, म्हणजे मागे बसलेल्या मित्रांनी बेल्ट लावला नव्हता हे विचारायचीही गरज पडत नाही. ते बघून आजही पोटात गोळा येतो.

आता मुद्दा. लोक म्हणतात पॉवर वाईट नाही, चालवणारा वाईट. अर्धंच खरंय. 80-90 पीएसच्या गाडीने ताम्हिणीत ट्रक ओव्हरटेक करायचा तर आधी गिअर टाकावा लागतो, समोरचा रस्ता नीट बघावा लागतो, जमत नसेल तर मागे यावं लागतं, आणि हे करता करताच अंदाज तयार होतो. आरएसमधे 350 एनएम टॉर्क, म्हणजे प्रचंड ओढ, आणि डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, नुसता पाय दाबला की गाडी पुढे. तुझा अंदाज चुकला तरी गाडी निभावून नेते, म्हणून चुकला होता हे तुला कळतच नाही, आणि ज्या दिवशी तिलाही जमत नाही तेव्हा काटा 120 वर असतो. आत आवाज नाही, हादरे नाहीत, स्पीड जाणवतच नाही. 60 च्या ऐवजी 100 ला धडकलास तर जोर पावणेतीन पट होतो, आणि 100 ला गाडी एका सेकंदात 27-28 मीटर जाते, ब्रेकवर पाय जाईपर्यंतच.

आपल्याकडे कायदा काही अडवत नाही. 2024 च्या मे महिन्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण इंजिनियर गेले, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत होता. अल्पवयीन असेल तर मोटर वाहन कायद्याच्या 199अ कलमाखाली पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, पण 18 पूर्ण झाले की ऑल्टोला जे लायसन्स तेच लँबोर्गिनीला. इटलीत नवीन लायसन्सवाल्याला पहिली 3 वर्षं गाडीच्या वजनाच्या टनामागे 75 किलोवॅट आणि एकूण 105 किलोवॅटची मर्यादा आहे, आरएस 230 म्हणजे 169 किलोवॅट, तिथे तुला एकट्याला चालवूच दिली नसती. न्यूझीलंडमधे रेस्ट्रिक्टेड (पूर्ण लायसन्सच्या आधीच्या) लायसन्सवर रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने चालवता येत नाही आणि एरवीही सोबत अनुभवी ड्रायव्हर नसेल तर मित्र बसवता येत नाहीत. मला मित्रांचा नियम सगळ्यात जास्त पटतो, कारण एकटा पोरगा शहाण्यासारखा चालवतो, चार जण बसले की "दाब ना रे" सुरू होतं.

तोवर स्विफ्ट, आय20 असं काहीतरी घे, 6 एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असलेलं, आणि पावसाळ्यात, घाटात, हायवेवर भरपूर चालव.

आणि बाबांनी टोकन देऊनच टाकलं असेल तर रीमॅपच्या (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची पॉवर वाढवण्याच्या) नादी अजिबात लागू नकोस, ईएससी बंद करायचं बटण तर विसरूनच जा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 3218 म्हणजे 2018 चा 32 वा आठवडा. इतके जुने असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, चारही बदलून मगच गाडी ताब्यात घ्या.